मदत हवी आहे: 'एक्झल्ट'साठी मराठीत नेमका शब्द कोणता?

मंडळी, एका कथेचं भाषांतर करतेय आणि एका क्रियापदापाशी दोन दिवस अडून बसलेय. इंग्रजी शब्द आहे एक्झल्ट (exult). डिक्शनरीत 'अतिशय आनंद होणे' एवढंच मिळतं, पण मग रिजॉइसलाही तेच आणि डिलाइटलाही तेच, मग फरक कुठे राहिला?

प्रसंग असा की मुलगी रिझल्टचा कागद घेऊन रात्री जिन्यात उभी आहे, घरातले सगळे झोपलेत, ती कागदाची घडी उलगडते, परत घालते, परत उलगडते आणि मग वाक्य येतं, 'शी एक्झल्टेड सायलेंटली'. मी आधी 'जल्लोष केला' लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण जल्लोष म्हटलं की चारचौघं आली, आरडाओरडा आला, आणि इथे तर पायरीसुद्धा वाजत नाहीये. 'हर्षभरित झाली' लिहिलं तर सत्काराच्या भाषणातलं वाटतं.

थोडं खोदल्यावर कळलं की याचं मूळ लॅटिनमधे आहे आणि तिथे अर्थ उडी मारणे असा आहे, म्हणजे आपलं आनंदाने उड्या मारणंच! इन्सल्ट आणि रिझल्टही त्याच उडीच्या धातूतून आलेत, हे वाचून तर फार छान वाटलं. म्हणून ती उडी मराठीत यावी असं मनापासून वाटतंय, पण मुलगी तर जागची हललेली नाही. काय करू?

आणि पुढे एका ठिकाणी 'एक्झल्टेड ओव्हर हर रायव्हल' आहे, तिथेही हाच शब्द चालेल का?

उत्तर:
ताई, आधी एक्झॉल्टशी (exalt) गल्लत होत नाहीये ना ते बघा, स्पेलिंगमधे फरक एकाच अक्षराचा आहे. एक्झॉल्टचा अर्थ थोरवी गाणे, उंच पदाला नेणे, आणि तो लॅटिनमधल्या 'उंच'वरून आलाय, उडीशी त्याचा संबंध नाही. एक्झल्टला कर्म लागत नाही, ज्याचा आनंद झाला ते इन किंवा अ‍ॅट लावून येतं. ओव्हर आलं आणि पुढे हरलेला माणूस असला की त्यात त्याला हरवल्याचा तोरा असतो, तिथे नुसता आनंद लिहिलात तर अर्थ निम्माच येईल.

जिन्यातल्या वाक्याला 'तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या' कसं वाटतं? उकळी आतल्या आत उसळते, बाहेर आवाज नाही.

धागाकर्ती:
उकळ्या! अहो हे रोज बोलतो आणि सुचलं नाही. उसळणं आहे म्हणजे उडीही आली. मूळ शब्द जरा भारदस्त आहे, रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही, पण मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला हेच शोभतं. जिन्यात उकळ्याच ठेवते. रायव्हलच्या वाक्यात 'तिला हरवल्याचा आनंद हिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता' असं लिहून बघितलंय, पण त्यात तोरा कमी पडतोय, कुणाला आणखी काही सुचलं तर सांगा.