चालत्या मोटरसायकलमधून येणारा टकटक आवाज: इंजिन खोलण्याआधी सल्ला हवा

कोकणवाट (धागाकर्ता):
माझी 100 सीसीची, बंद चेनकव्हर असलेली मोटरसायकल सात वर्षे जुनी असून ती रोज चिपळूण-खेर्डी भागात चालते. पावसाळा संपल्यापासून ताशी 20 ते 40 किलोमीटर वेगात डाव्या बाजूने ठरावीक अंतराने 'टक्-टक्' असा आवाज येतो. अॅक्सिलरेटर सोडला की तो वाढतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस दिल्यास मात्र मुळीच येत नाही. एका गॅरेजमध्ये न चालवताच "गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले आहे, इंजिन उतरवावे लागेल" असे सांगण्यात आले. तो खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल?

नटबोल्ट:
आवाज कुठून येतो यापेक्षा तो कोणाच्या तालावर येतो, हे आधी ठरवावे. कारण चौकटीच्या लोखंडातून आवाज कुठल्या कुठे पोहोचतो आणि कान सहज फसतो. उभ्या गाडीत आवाज नसल्यामुळे टॅपेट किंवा टायमिंग चेन या इंजिनाच्या आतील भागांवरचा संशय कमी होतो. परंतु न्यूट्रलमध्ये पुढचा स्प्रॉकेट (चेन ओढणारे दातेरी चाक) फिरतच नसल्याने तेवढ्यावरून गिअरबॉक्स निर्दोष ठरत नाही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात, समजा ताशी 30 वर, एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. इंजिनाचे फेरे बदलूनही टकटकीची लय तीच राहिली, तर दोष पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या चाकापर्यंत, नाहीतर पुढच्या चाकात शोधायचा.

त्यानंतर लय मोजावी. 18 इंची चाकाचा घेर टायरसह जेमतेम 1.9 मीटर भरतो, म्हणजे ताशी 20 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे 3 फेरे घेते. मागच्या स्प्रॉकेटला 42 दाते आणि चेनला 110 कड्या धरल्या, तर अख्खी चेन त्याच वेळात एकदाच फिरते. सेकंदाला तीन ठोके आले तर चाक, ब्रेक किंवा टायर, आणि एखादाच आला तर चेन. अंतर तिपटीचे असल्याने स्पीडोमीटर थोडा चुकला तरी बिघडत नाही. मागे बसलेल्याला मोबाइलवर आवाज टिपायला सांगावे. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच पाहावे.

घाटमाथा:
वरील पद्धत योग्य आहे, तरीही मागच्या हबमधील (चाकाच्या मधल्या भागातील) कपलिंग रबर, म्हणजे धक्का शोषणारे रबरी तुकडे, विसरू नयेत, कारण अॅक्सिलरेटर सोडल्यावर वाढणारा आवाज तिथूनही येऊ शकतो. फरक असा की रबर झिजले असतील तर वेग घेताना आणि सोडताना एकेकच धक्का बसतो, सलग टकटक होत नाही. चाकाचे बेअरिंग टकटकीपेक्षा गुरगुरते अधिक. गाडी मेन स्टँडवर लावून चाक वर-खाली धरून हलवल्यास त्याची ढिलाई हाताला कळते.

कोकणवाट:
दोन्ही गिअरमध्ये लय सारखीच राहिली आणि ताशी 20 ला सेकंदाला जेमतेम एक ठोका आला. आता चेनमध्ये नेमके काय पाहावे?

नटबोल्ट:
इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये. ही अट मोडू नये, कारण चालू गिअरमधील चेन बोट तोडते. चेनकव्हर काढावे, चाक हाताने थोडे थोडे फिरवत प्रत्येक ठिकाणी खालच्या बाजूचा सैलपणा, म्हणजे चेन वर-खाली किती हलते ते, पट्टीने मोजावा. या वर्गातील गाड्यांना तो साधारण 20 ते 30 मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

कोकणवाट:
एका जागी 15 आणि दुसऱ्या जागी 45 मिलिमीटर भरला. तीन-चार कड्या गंजून वाकलेल्या स्थितीतच अडकल्या आहेत आणि चेनकव्हरच्या वरच्या भागाला आतून घासून चकचकीत रेघ पडली आहे.

नटबोल्ट:
आता सगळे जुळते. अॅक्सिलरेटर सोडल्यावर चाक इंजिनाला ओढते, त्यामुळे चेनची खालची बाजू ताणली जाते, वरची सैल पडते आणि सैल भाग कव्हरवर आपटतो. अशी असमान ताणलेली चेन अॅडजस्टरने (चाक मागे-पुढे सरकवून चेन आवळणाऱ्या स्क्रूने) दुरुस्त होत नाही. सैल भागाच्या हिशेबाने आवळली, तर ताठ भाग फिरताना पुढच्या स्प्रॉकेटमागच्या बेअरिंगवर ताण येतो आणि गॅरेजवाल्यांचे भाकीत खरे ठरते! नुसती चेन न घेता दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण चेनसेट बदलावा, कारण झिजलेले दाते नवी चेन लवकर खातात.

घाटमाथा:
चाक निघणारच आहे, तेव्हा कपलिंग रबर आणि ब्रेक शू त्याच वेळी पाहून घ्यावेत. चाक बसवताना दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवाव्यात. बंद कव्हरमुळे चेन नजरेआड राहते, म्हणून कोकणातल्या पावसात तिला गिअर ऑइल किंवा चेनचे वंगण नेहमीपेक्षा लवकर द्यावे आणि नव्या सेटचा सैलपणा पहिल्या 500 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा.