मेलानॉक्ससाठी 6.9 अब्ज डॉलर: एनव्हिडियाने नेमकं काय विकत घेतलं?

प्रश्न

2018 मध्ये संगणकांना एकमेकांशी जोडणारी नेटवर्क कार्डं आणि स्विच बनवणाऱ्या मेलानॉक्सची उलाढाल जेमतेम 1.09 अब्ज डॉलर. पुढच्याच मार्चमध्ये एनव्हिडियाने शेअरमागे रोख 125 डॉलर, एकूण 6.9 अब्ज द्यायचं जाहीर केलं. जीपीयूवाल्यांना (ग्राफिक्स आणि एआयच्या चिप बनवणाऱ्यांना) नेटवर्क कार्डांची एवढी निकड का? आरडीएमए (सीपीयूला न गुंतवता एका संगणकाच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा पोचवणं) तर इथरनेट या नेहमीच्या नेटवर्कवरही चालतं, मग इन्फिनिबँड या वेगळ्या, वेगवान नेटवर्कचं एवढं मोल कशापायी?

प्रतिसाद 1

निव्वळ कार्डं घेतली नाहीत. 1999 मध्ये एयाल वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या योकनामला कंपनी काढली. इंटेलने इन्फिनिबँड चिपचा नाद सोडला, मेलानॉक्सने नाही. 2007 मध्ये नॅस्डॅकवर आल्यावर तिने एकेक दुवा जोडला: 2011 मध्ये व्होल्टेअर (सुमारे 218 दशलक्ष डॉलर) घेऊन स्विच आणि सॉफ्टवेअर, 2013 मध्ये कोटुराकडून सिलिकॉन फोटॉनिक्स (चिपवरून प्रकाशाने डेटा पाठवणं), 2016 मध्ये ईझीचिपकडून (सुमारे 811 दशलक्ष) नेटवर्क प्रोसेसर. 2018 चे समिट आणि सिएरा हे महासंगणक एनव्हिडियाचे जीपीयू आणि मेलानॉक्सच्या 100 गिगाबिट इन्फिनिबँडवर उभे राहिले. सौद्याचं खरं कारण मला तिथेच दिसतं.

प्रतिसाद 2

इन्फिनिबँडच्या मोलाबद्दल. तिथे घेणाऱ्याच्या बफरमध्ये जागा असल्याचं कळल्याशिवाय पाठवणारा पॅकेट सोडतच नाही, त्यामुळे गर्दीत पॅकेट टाकून द्यायची वेळ येत नाही. इथरनेटचा स्विच बफर भरला की पॅकेट टाकून देतो. आरडीएमएच्या मूळ पद्धतीत हरवलेल्या पॅकेटपासून पुढचं सगळं पुन्हा पाठवावं लागतं. एआय मॉडेलच्या प्रशिक्षणात सगळे जीपीयू एकमेकांच्या ग्रेडियंटसाठी (मॉडेल किती बदलायचं ते सांगणारे आकडे) थांबतात, म्हणजे एक लिंक रेंगाळली की अख्खं क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या संगणकांचा सगळा गट, रेंगाळतं.

इथरनेटच वापरायचं असेल तर पीएफसी (बफर भरत आला की त्या प्रायॉरिटीच्या रहदारीला थांबायला सांगणारा पॉज) एकाच प्रायॉरिटीवर लावा आणि ईसीएनचा (गर्दी होतेय अशी पॅकेटवर खूण करणं) उंबरठा असा ठेवा की पीएफसीचा पॉज सुटण्याआधी खूण लागेल. हमखास होणारी चूक म्हणजे वाटेतल्या एखाद्या स्विचवर डीएससीपीची (पॅकेटवरची प्रायॉरिटीची खूण) जोडणी वेगळी राहणं. तेवढ्याने यूडीपी पोर्ट 4791 ची, म्हणजे इथरनेटवरच्या आरडीएमएची, रहदारी साध्या रांगेत पडते. पिंग व्यवस्थित दिसतो, भार वाढला की वेग कोसळतो. म्हणून प्रत्येक हॉपवर (वाटेतल्या प्रत्येक स्विचवर) त्या प्रायॉरिटीचे पॉज आणि ड्रॉप काउंटर बघा. कार्ड आणि जीपीयू वेगवेगळ्या सीपीयू सॉकेटखाली असतील तरी वेग पडतो, तेव्हा नेटवर्कला दोष देण्याआधी तेही तपासा.

प्रतिसाद 3

एक भर: व्यवहार 27 एप्रिल 2020 ला पुरा झाला. चीनच्या बाजार नियामकाने अटींवर मंजुरी दिली, त्यातली मुख्य म्हणजे जीपीयू आणि नेटवर्क उत्पादनं एकमेकांच्या गळ्यात मारायची नाहीत. याच अटींवरून डिसेंबर 2024 मध्ये तिथे चौकशी सुरू झाली.