आजारी लेकरांना भेटायला येणारे मोठे लोक : माया का मार्केटिंग?

गोदाकाठ (नांदेड)
कुठल्याबी सेलिब्रिटीचा आजारी लेकरासोबत फोटो आला की खाली पहिली कमेंट ठरलेली, "पीआर आहे सगळा". आता इंग्लंडच्या राजघराण्याची सून केट, तिचंच बघा. मार्च २०२४ मधे तिनं स्वतःला कॅन्सर असल्याचं सांगितलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅन्सर झालेल्या एका पोरीला विंडसरच्या राजवाड्यात बोलावून घेतलं, पोरीला फोटोग्राफीचा नाद म्हणून तिथल्या कार्यक्रमाचे फोटोच तिला काढायला दिले. मिठी मारलेला फोटो बाहेर आला तर आपले लोक इथं बसून नाकं मुरडायलेत. तो जॉन सीना, कुस्तीवाला, २०२२ पर्यंत त्यानं ६५० लेकरांची भेटायची इच्छा पूर्ण केली, गिनीजमधे नोंद आहे. ६५० वेळा कोण नाटक करतंय बरं? मोठ्या माणसाच्या मनात काय आहे ते राहू द्या, लेकराला काय भेटलं ते बघा.

मांजरापट्टा
लेकराला काय भेटलं तेच सांगतो. पुतण्याला रक्ताचा कॅन्सर, आम्ही मुंबईला एका दवाखान्यात होतो. एक टीव्हीवाला यायचा होता तर सकाळपासून नातेवाईक बाहेर, लिफ्ट अडवून ठेवलेली, वहिनी डबा घेऊन जिन्यात बसलेली आणि डब्यातली मुगाची खिचडी गार होऊन पार गोळा झालेली. रात्रभर उलट्या करून पोरगं नुकतं कुठं झोपलं होतं, त्याला उठवून हातात टेडी दिला, फोटो काढला, गेले. पुतण्या मला विचारतोय, काका हे कोण होतं? आता बोला.

सिस्टर लातूर
तुमचं दोघांचंही ऐकलं. केमो चालू असलेल्या लेकरांचे काउंट पडलेले असतात, पांढऱ्या पेशी म्हणजे, साधी सर्दीसुद्धा अंगावर येते. ताज्या फुलांचे बुकेसुद्धा आम्ही आत येऊ देत नाही आणि हे लोक वीस जणांची वरात घेऊन येतात. पण एक सांगते, सुई बघितली की वॉर्ड डोक्यावर घेणारं एक लेकरू होतं, त्याला त्याच्या आवडत्या क्रिकेटरचा व्हिडिओ कॉल आला, दोन मिनिटांचा फक्त, त्यानंतर आठवडाभर हात पुढं करायचं गुपचूप. त्यामुळं सगळंच खोटं आहे असं मी तर म्हणणार नाही.

पूर्णा जंक्शन
अहो ते तरी मोठे लोक. आपल्याकडं साहेबांचा वाढदिवस आला की चला सिव्हिलला, फळं वाटप. केळं एक आणि त्याला धरलेले हात सात, लेकरू बिचारं कुणाकडं बघावं म्हणून बावरलेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात "वाढदिवस विविध सामाजिक उपक्रमांनी साजरा". केट काय अन् आमचे साहेब काय, जात एकच.

गोदाकाठ
एकाच पारड्यात कामून टाकायलात? १९८७ ला डायनानं लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात एड्सच्या पेशंटशी हातमोजे न घालता हात मिळवला, तेव्हा लोक अशा पेशंटला शिवायलाबी भ्यायचे. कॅमेरा नसता तर जगाला दिसलं असतं का? आमच्या गावात कॅन्सरवाल्या पोराचं ताट-तांब्या वेगळं ठेवणारे लोक आजबी आहेत, शाळेत त्याच्या बाकावर कुणी बसत नाही. केस गेलेल्या लेकराला हिरोनं मांडीवर घेतलेला फोटो अशा लोकांना दाखवायला कामाचा आहे.

मांजरापट्टा
आमच्या आत्यानंच ठेवलं होतं ताट वेगळं. फोटोबिटोनं काही झालं नाही, डॉक्टरनं सगळ्यांसमोर झापलं तेव्हा सरळ झाली.

देगलूर नाका
राजघराण्याचाच विषय आहे तर लंडनला कशाला जाता, आपण १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होतो. शेवटच्या निजामाची सून नीलोफर, तिची दासी बाळंतपणात दगावली, ते तिच्या मनाला लई लागलं, त्यातून हैदराबादला बाया-लेकरांचा दवाखाना उभा राहिला, नीलोफर म्हणूनच ओळखतात. निजामाला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, आमच्याच घरात रझाकाराचे किस्से कमी नाहीत, पण आमच्याकडची लेकरं आजबी तिथं नेतात. आईनं त्या नीलोफरचा फोटो कधी बघितला नाही, दवाखान्याचं नाव मात्र तोंडपाठ. आत्ताचं बघायचं तर ती गायिका पलक मुच्छल, कार्यक्रमाच्या पैशातून ३००० हून जास्त लेकरांची हार्टची ऑपरेशनं केली तिनं. भेटायला येऊन टेडी देण्यापेक्षा हे बरं.

पूर्णा जंक्शन
ऑपरेशनला महात्मा फुले योजना आहे की. ती नाही पुरत ते वरच्या खर्चाला. मुंबईची खोली, खाणं, बापाची बुडालेली रोजी हे कुठल्या योजनेत बसवता? रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर फुकट आहे आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत, हेच कितीक जणांना माहीत नसतं, तपोवन एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात लेकरू मांडीवर घेऊन जायलेत. सेंट ज्यूडवाले कॅन्सरच्या लेकरांना आईबापासकट फुकट राहायला देतात, तेबी तिथं गेल्यावर कुणीतरी सांगतं. हिरो लोकांनी त्यांच्या रीलमधे हे सांगावं ना.

सिस्टर लातूर
बरोबर आहे. आणि साहेबांच्या कार्यकर्त्यांसाठी माझ्याकडं काम आहे. वाढदिवसाला एकाच दिवशी रक्तदान शिबिर घेऊन पिशव्यांचा ढीग लावतात, पण रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, टिकतात फक्त ५ दिवस. पुढच्या आठवड्यात लेकराच्या नाकातून रक्त यायला लागलं की बाप पुन्हा गेटवर डोनर शोधत फिरतोय. त्यापेक्षा वार लावून घ्या, दर आठवड्याला चौघं या, केळी नका आणू.

मांजरापट्टा
सिस्टर, माझं नाव टाका, मंगळवार सोडून कधीबी. त्या टेडीवाल्यालाबी निरोप द्या.

गोदाकाठ
तो आला आणि त्याचा फोटो आला की तुम्हीच पुन्हा पीआर म्हणसाल.

मांजरापट्टा
म्हणणारच की. पिशवी तेवढी ठेवून घेऊ.