दोन चेअरचं डेंटल क्लिनिक, म्हापसा: आराखडा कुठून सुरू करावा?

चिरेबंदी
म्हापशात जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ६५० चौरस फुटांचा गाळा आहे, भिंती चिऱ्याच्या. डॉक्टरबाईंना दोन चेअर, ओपीजी (पूर्ण जबड्याचं एक्स-रे मशीन), स्टरिलायझेशनची खोली आणि आठ जणांपुरतं वेटिंग हवंय. पाईपांसाठी सगळी फरशी ६ इंच उचलायचा विचार आहे. घरं-दुकानं केली आहेत, क्लिनिक पहिलंच. सुरुवात रिसेप्शनपासून करावी की उपचारखोलीपासून?

आर्कि_मडगाव
चेअरपासून. आधी मॉडेल पक्कं करून घ्या आणि कंपनीकडून त्याच मॉडेलचं इन्स्टॉलेशन ड्रॉइंग मागवा. हवा, पाणी, ड्रेन, सक्शन (तोंडातली लाळ-पाणी ओढणारी लाइन), वीज हे सगळं जिथून वर येतं तो जंक्शन बॉक्स प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असतो. तो चार इंच चुकला तर नवी फरशी फोडावी लागते. "चेअर नंतर बघू" असं उत्तर आलं तर प्लंबरला बोलावूच नका.

प्रत्येक चेअरची खोली १० बाय ११ फूट धरा. ९ फूट रुंदीत चेअर बसते, पण असिस्टंटचं स्टूल मागच्या कपाटाला अडतं. चेअर आडवी केली की साडेसहा फुटांच्या आसपास जाते. डोक्यामागे आणखी दोन फूट मोकळे हवेत, कारण उजव्या हाताचा डॉक्टर घड्याळातल्या ९ ते १२ च्या बाजूला बसतो. डॉक्टरबाई डावखुऱ्या आहेत का ते आजच विचारा. असतील तर सगळी मांडणी उलटी होते.

फरशी उचलू नका. ६ इंच चढ म्हणजे १:१२ ने ६ फुटांचा रॅम्प, आणि तो तुमचं वेटिंग खाणार. तळमजला आहे तर फरशीखालचं पीसीसी (साधं काँक्रीट) कापून चर काढा. ड्रेनला १:४० ढाळ द्या. सक्शनच्या पाईपला काटकोनी एल्बो नको, ४५ अंशांचे दोन जोडा. काटकोनात लाळ-रक्त साचून गाठ बसते. चर बुजवताना ओल अडवणारा थर पुन्हा जोडून घ्या. नाहीतर पावसाळ्यात ओल वर चढते आणि विनाइलची फरशी फुगते. इथे मी विनाइल टाळून मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणि इपॉक्सी ग्राउट घेईन.

दंतू_फोंडा
डॉक्टरच्या बाजूने सांगतो. स्टरिलायझेशनमध्ये उपकरणं एकाच दिशेने सरकली पाहिजेत: वापरलेली आत, धुणं, अल्ट्रासॉनिक सफाई, पॅकिंग, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), मग साठवण. सिंक मधोमध आणि ऑटोक्लेव्ह दाराशी असला की स्वच्छ पाकिटं ओल्या ओट्यावरून जातात. दोन उपचारखोल्यांच्या मधोमध ६ बाय ८ फूट पुरे. ओटा २ फूट खोल ठेवलात तर क्लास बी (व्हॅक्यूमवाला) ऑटोक्लेव्ह पुढे लोंबतो, अडीच फूट करा. त्याच्यावर प्लायवूडचं कपाट मुळीच नको, वाफेने दारं वाकतात. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांची जागाही आत्ताच दाखवा, पुढे ते टॉयलेटमध्ये जाऊन बसतात.

आणि रंग! भिंतीला गुलाबी, पोपटी काही नको. दाताची शेड जुळवताना भिंतीचा रंग दातावर उतरतो. फिकट राखाडी किंवा पांढरा. दिवे ५००० ते ५५०० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. वेटिंगमध्ये हवा तेवढा पिवळा प्रकाश ठेवा.

चिरेबंदी
देव बरें करूं. डॉक्टरबाई उजव्या हाताच्याच आहेत. ओपीजीला चिऱ्याची भिंत चालेल ना? आणि कॉम्प्रेसर व सक्शन मागच्या बंद पॅसेजमध्ये एकत्र ठेवू का?

आर्कि_मडगाव
भिंतीची जाडी मोजा आणि सांधे तपासा. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) हिशेबात सहसा ९ इंची भरीव विटांची भिंत धरतात. चिरा सच्छिद्र, आणि जुन्या बांधकामात सांधे अर्धे रिकामे असतात. दोन्ही बाजूंनी सिमेंटचं गिलावा-काम धरूनच मंजुरीचा आराखडा काढा. जिप्समचं पार्टिशन शिशाच्या पत्र्याशिवाय चालणार नाही, दारालाही पत्रा लागतो. मशीन टाइप-अप्रूव्हड (मॉडेलला एईआरबीची मंजुरी असलेलं) आहे ना ते पाहा आणि त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरचा अर्ज लवकर सुरू करायला सांगा.

हवा_पाणी
एकत्र ठेवायला हरकत नाही, पण सक्शनचा एक्झॉस्ट पाईपने बाहेर, छपराच्या वर काढा. पॅसेज बंद असेल तर तीच हवा कॉम्प्रेसर ओढतो आणि पेशंटच्या तोंडात जाते. कॉम्प्रेसर ऑइल-फ्री आणि ड्रायरसकट घ्या. ड्रायर "पुढे बघू" म्हणत बरेच जण गाळतात. गोव्यातल्या जूनच्या हवेत टाकीत रोज पाणी साठतं. ते लाइनमध्ये गेलं की हँडपीसची (दात कोरायच्या ड्रिलची) बेअरिंग गंजते आणि फिलिंग नीट चिकटत नाही. हवेची लाइन साध्या पीव्हीसीची करू नका, दाबाने फुटते. तांबं घ्या. मशीनांखाली रबराचे पॅड, दाराला गॅस्केट, आणि खोलीला लूव्हर (हवेची जाळी) हवाच. कोंडलेल्या गरमीत मोटर ट्रिप होते. टाकीच्या ड्रेन व्हॉल्व्हखाली फ्लोअर ट्रॅप द्यायला विसरू नका.