पीपीसीची (पे पर क्लिक, म्हणजे क्लिकमागे पैसे मोजायच्या जाहिरातींची) टीम पहिल्यांदाच सांभाळायची आहे, सुरुवात कुठून करू?

कडुनिंब

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका एजन्सीत तीनेक वर्षं गूगल अ‍ॅड्स सांभाळते आहे, मुख्यतः सर्च आणि अलीकडे परफॉर्मन्स मॅक्स (सर्च, यूट्यूब, जीमेल अशा गूगलच्या सगळ्या जागांवर आपोआप चालणारं कॅम्पेन). पुढच्या महिन्यापासून टीम लीड व्हायला सांगितलंय. हाताखाली चौघं: दोन अगदी नवखे, एकीला दीडेक वर्षाचा अनुभव, आणि एक मुलगा फक्त मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती) बघतो. अकाउंट २२. त्यात बिल्डर जास्त, मग क्लासेस, दोन दवाखाने, थोडं ई-कॉमर्स.

अकाउंट वाटायची कशी? नवख्यांच्या हाती खरं बजेट कधी द्यायचं? मी स्वतः रोज काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं? आणि एक जरा स्वार्थी प्रश्न: लीड होण्यात पुढे करिअर आहे, की ट्रॅकिंगमध्ये खोल जाऊन स्पेशालिस्ट राहिलेलं बरं? 'टीमला मोटिव्हेट करा' छापाचे सल्ले कृपया नकोत, ते एचआर देतच असतं.

आकडेमोड

अभिनंदन. वाटणीपासून सुरू करतो.

चौघांत २२ म्हणजे प्रत्येकी साडेपाच, असा हिशोब करू नका. बजेटवरूनही वाटू नका. एकाच शहरापुरतं, महिन्याला पाच लाख खर्चणारं सर्च अकाउंट एकदा बसलं की फार त्रास देत नाही. उलट ५० हजारांचं, ४०० प्रॉडक्टचं शॉपिंग अकाउंट फीडच्या (प्रॉडक्टच्या यादीच्या) दुरुस्त्यांत माणसाला रोज गुंतवून ठेवतं. म्हणून तास मोजा. महिन्याचे १६० तास धरले, तर मीटिंग, रिपोर्ट आणि क्लायंटचे फोन वजा जाता अकाउंटसाठी ११०-१२० उरतात. प्रत्येक अकाउंटपुढे अंदाजे तास लिहा, नव्या अकाउंटला पहिल्या महिन्यात दुप्पट धरा (अर्धा वेळ ट्रॅकिंग लावण्यातच जातो), आणि मग वाटा. नवख्यांना सुरुवातीला निम्मेच तास. तुमच्याकडे फार तर दोन अकाउंट. सगळ्यात अवघड अकाउंट लीडने स्वतःकडे ठेवायची एक पद्धत आहे. तिचा तोटा असा, की महिनाअखेरीला लीड त्यातच अडकतो आणि बाकीच्यांकडे बघायला कोणी उरत नाही.

नवख्यांच्या हाती बजेट देण्याआधी, ऑफिसात सगळे मिळून एकच लॉगिन वापरत असाल तर ते आजच बंद करा. मॅनेजर अकाउंटमधून (सगळी अकाउंट एकत्र सांभाळणारं वरचं अकाउंट) प्रत्येकाला त्याच्या ईमेलवर अ‍ॅक्सेस द्या. चेंज हिस्टरीत कोणी, कधी, काय बदललं ते ईमेलसकट दिसतं. सामाईक लॉगिन असलं, की चूक कुणाची हे शोधण्यात दिवस जातो आणि टीममध्ये कुरबुरी होतात त्या वेगळ्याच.

पहिले दोन आठवडे फक्त रीड ओन्ली. काम एकच: रोज दोन अकाउंटचा सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं त्याची यादी) वाचायचा आणि कोणते शब्द निगेटिव्हमध्ये (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांत) टाकायचे, का टाकायचे, हे शीटमध्ये लिहायचं. 'का'चा रकाना महत्त्वाचा. 'घर भाड्याने' हा शब्द विक्रीच्या प्रकल्पात निगेटिव्ह करणं कुणालाही जमतं, पण शेजारच्या प्रकल्पाचं नाव काढायचं की ठेवायचं, याला विचार लागतो. इथेच एक गोष्ट शिकवा: निगेटिव्ह कीवर्ड एकवचन-अनेकवचन आपोआप धरत नाही, त्यामुळे 'नोकरी' आणि 'नोकऱ्या' दोन्ही टाकावे लागतात, शिवाय तेच शब्द रोमन लिपीतही. आपल्याकडे लोक मराठी शब्द सर्रास रोमनमध्ये शोधतात.

नंतर गूगल अ‍ॅड्स एडिटर, म्हणजे गूगलचं कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर. त्यात केलेले बदल पोस्ट न करता दुसऱ्याला तपासण्यासाठी एक्सपोर्ट करता येतात. ती फाइल तुमच्या एडिटरमध्ये उघडली की प्रत्येक बदल प्रस्ताव म्हणून दिसतो, हवा तो ठेवा, नको तो नाकारा. महिनाभर तरी नवख्यांचं सगळं काम याच वाटेने जाऊ द्या.

मग स्टँडर्ड अ‍ॅक्सेस, पण लेखी मर्यादा घालून. दैनिक बजेट किंवा टार्गेट सीपीए (एका कन्व्हर्जनमागे, म्हणजे फॉर्म, कॉल, खरेदी अशा हव्या त्या कृतीमागे, किती खर्च चालेल ते) एका वेळी २० टक्क्यांहून जास्त हलवायचं नाही, दोन बदलांत किमान आठवडा जाऊ द्यायचा, आणि शुक्रवारी दुपारनंतर बजेट-बिडिंगला हात लावायचा नाही. २० टक्के हा गूगलचा नियम नव्हे, आपण आखलेली रेघ आहे. क्लिकनंतर चौकशीचा फॉर्म यायला चार दिवस लागत असतील, तर काल टार्गेट बदलून आज सीपीए बघितला की तो भयंकरच दिसणार, कारण खर्च पूर्ण आलाय आणि कन्व्हर्जन यायची आहेत. नवखा माणूस घाबरून पुन्हा टार्गेट बदलतो, आणि कॅम्पेन स्थिरावतच नाही.

शेवटचं, जास्तीचं शून्य. ५,००० ऐवजी ५०,००० टाइप झालं तर गूगल एका दिवसात दैनिक बजेटच्या दुपटीपर्यंत खर्चू शकतं, म्हणजे एक लाख. महिन्याची मर्यादा दैनिक बजेटच्या ३०.४ पट असते, पण तिचा इथे काडीचा उपयोग नाही. मॅनेजर अकाउंटवर दर तासाला चालणारी स्क्रिप्ट लावा: आजचा खर्च ठरल्याच्या दीडपट झाला की तुम्हाला ईमेल.

कावेरी_के

आकडेमोड यांच्याशी सहमत, पण त्यांनी बजेटवर जेवढा जोर दिलाय तेवढा मी मोजमापावर देईन. लीड म्हणून एकच गोष्ट स्वतःच्या ताब्यात ठेवायची झाली, तर ती कन्व्हर्जन सेटिंग ठेवा. बिड आता बहुतेक मशीनच लावतं. मशीनला 'यश' म्हणजे काय ते माणूस सांगतो, आणि ते चुकीचं सांगितलं तर मशीन चूकही मन लावून करतं.

बिल्डरच्या अकाउंटमध्ये हे फार दिसतं. परफॉर्मन्स मॅक्स सुरू केलं, फॉर्म भरला की कन्व्हर्जन, पहिल्या आठवड्यात लीडचा (चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाचा) भाव निम्म्यावर, टीम खूश. मग सेल्सवाले ओरडतात की निम्मे नंबर लागत नाहीत. मशीनला स्वस्तात फॉर्म भरणारे हवे होते, ते त्याने शोधून दिले, त्यात बॉटही आले. यावर उपाय जाहिरातीत नाही, फॉर्मच्या मागे आहे:

फॉर्ममध्ये एक लपवलेलं फील्ड ठेवून त्यात जीसीएलआयडी (गूगल प्रत्येक क्लिकला देतं तो आयडी) साठवायचा. अकाउंटमध्ये ऑटो-टॅगिंग (तो आयडी लिंकला आपोआप जोडणारं सेटिंग) चालू हवं, आणि लँडिंग पेज मध्ये कुठे रिडायरेक्ट होत असेल तर तो आयडी गळत नाही ना, हे बघायचं. सीआरएममध्ये (गिऱ्हाइकांच्या नोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये) लीडची अवस्था नोंदवायची: फोन लागला, गरज जुळली, साइट व्हिजिट, बुकिंग. मग हव्या त्या अवस्थेची कन्व्हर्जन परत गूगलमध्ये आयात करायची. क्लिकपासून ९० दिवस उलटले की ती धरली जात नाहीत. सोबत एन्हान्स्ड कन्व्हर्जन फॉर लीड्स (फॉर्ममधल्या फोन-ईमेलवरून लीड जुळवण्याची सोय) लावा, पण फोन नंबर +९१सह एकाच साच्यात गेला पाहिजे. काही फॉर्म पुढे शून्य लावून नंबर पाठवतात, तो जुळत नाही.

मोह होतो तो थेट बुकिंगवर ऑप्टिमाइझ करायचा. महिन्याला चार बुकिंग होत असतील तर त्यावर मशीन काही शिकणार नाही. 'फोन लागला आणि गरज जुळली' ही मधली पायरी प्रायमरी (मशीन जिच्यावर शिकतं ती) ठेवा, महिन्याला ३०-४० तरी येतील अशी. बाकी सगळं सेकंडरी (फक्त नोंदीपुरतं). एकाच लीडचा फॉर्म, व्हॉट्सअ‍ॅप बटण आणि कॉल असे तिन्ही प्रायमरी ठेवले की एका माणसाची तीन कन्व्हर्जन मोजली जातात. लीडसाठी मोजणी 'वन'वर (एका क्लिकमागे एकच), ई-कॉमर्सच्या खरेदीसाठी 'एव्हरी'वर (प्रत्येक खरेदी). नवे लोक हे उलटं करतात, कारण सेटअप करताना त्याकडे कुणी बघतच नाही.

तुमच्या क्लायंटची यादी बघून दोन इशारे. बिल्डरच्या जाहिरातीसाठी एक वेगळी चेकलिस्ट करा: महारेरा नोंदणी होण्याआधी प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातींत क्यूआर कोडही सक्तीचा केलाय. क्लायंट 'प्री-लाँच टाकून बघू' म्हणाला तर नकार द्यायचं काम लीडचं, नवख्या मुलावर ते ढकलू नका. आणि दवाखान्यांसाठी रीमार्केटिंगची (आधी साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवायची) यादी वापरू नका, आरोग्याच्या बाबतीत गूगलचं पर्सनलाइज्ड जाहिरातींचं धोरण आड येतं. दवाखान्याचं लोकेशन सेटिंगही 'प्रेझेन्स'वर न्या. मूळ सेटिंगमध्ये त्या भागात नुसता रस दाखवणारेही येतात. हिंजवडीतल्या फ्लॅटला दुबईतला गिऱ्हाईक चालतो, कोथरूडच्या दातांच्या दवाखान्याला नाही.

कडुनिंब

दोघांचेही आभार, विशेषतः एडिटरच्या प्रस्तावांबद्दल, ते कधी वापरलंच नव्हतं. रोजच्या तपासणीचं आणि मेटावाल्या मुलाचं राहिलं. मला स्वतःला मेटा जेमतेम येतं, त्याचं काम तपासू कशी?

टिंब

रोजची तपासणी २० मिनिटांत बसवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. बघायचं एवढंच: खर्च कुठवर आलाय, नाकारलेल्या जाहिराती, कालची कन्व्हर्जन शून्य आहेत का, प्रीपेडमधली शिल्लक. खर्चाची वेगमर्यादा साध्या शीटमध्ये निघते. महिन्याचे तीन लाख, ३० दिवसांचा महिना, १२ तारखेअखेर १,२०,००० व्हायला हवे होते आणि १,४५,००० झाले, तर उरलेले १,५५,००० भागिले १८, म्हणजे रोज साधारण ८,६१०. आठवड्यातून एकदा चेंज हिस्टरी चाळा, आणि प्रत्येकाकडचं कुठलंही एक अकाउंट त्याच्या शेजारी बसून उघडा. महिन्यातून एकदा प्रत्येक क्लायंटचा फॉर्म मोबाइलवरून स्वतः भरून बघा. वेबसाइटवाल्याने थँक यू पेज बदललं आणि तुम्हाला सांगितलं नाही, हे पाहिजे तितक्या वेळा घडतं.

सोडून द्या: हेडलाइनमधला शब्दन् शब्द. १५ हेडलाइन प्रत्येकी ३० अक्षरांच्या आणि चार वर्णनं ९० अक्षरांची, हे तुम्ही तपासत बसलात तर दुसरं काही होणार नाही.

मेटासाठी तुम्हाला मेटा येणं गरजेचं नाही, तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत. कॅम्पेनमध्ये किती अ‍ॅड सेट आहेत? प्रत्येकात आठवड्याला किती रिझल्ट येतात? किती 'लर्निंग लिमिटेड' (पुरेसे रिझल्ट नसल्याने शिकणं अडकलेले) आहेत? मेटाला लर्निंग फेजमधून बाहेर पडायला अ‍ॅड सेटमागे आठवड्याला साधारण ५० रिझल्ट लागतात. ३०० रुपयांना लीड येत असेल तर एका अ‍ॅड सेटला आठवड्याचे १५ हजार झाले. बजेट २० हजार आणि अ‍ॅड सेट सहा असतील, तर बाकी काही न बघता सांगता येतं की मांडणी चुकली आहे.

पैशाचं एक लिहून ठेवा, नव्या लीडची पहिली भांडणं यावरच होतात. प्रीपेड अकाउंटमध्ये क्लायंटने एक लाख भरले की १८ टक्के जीएसटी त्यातूनच जातो, जाहिरातीला साधारण ८४,७४६ उरतात. रिपोर्टमध्ये खर्च ८४ हजार आणि बँकेतून गेले लाख, मग 'बाकीचे कुठे गेले' हा फोन येतो. प्रपोजलमध्येच 'बजेट जीएसटी वगळून' की 'धरून' ते लिहा.

करिअरबद्दल. स्किलशॉपची (गूगलच्या प्रशिक्षण साइटची) प्रमाणपत्रं मोफत आहेत, ८० टक्के गुण लागतात, वर्षभर चालतात. एजन्सीला ती गूगलच्या पार्टनर बॅजसाठी हवी असतात: अकाउंट सांभाळणाऱ्यांपैकी निम्मे प्रमाणित, ९० दिवसांत १० हजार डॉलर खर्च, आणि ७० टक्के ऑप्टिमायझेशन स्कोअर (गूगलच्या शिफारशींवरून अकाउंटला मिळणारे गुण). हा स्कोअर शिफारस नाकारूनही वाढतो, त्यामुळे स्कोअरपायी टीमला सगळ्या शिफारशी डोळे मिटून लावू देऊ नका, ऑटो-अप्लाय तर आधी बंद करा. नोकरी बदलताना प्रमाणपत्राने कुणी भुलत नाही.

लीड की स्पेशालिस्ट, हा प्रश्न आज सोडवायची घाई नको. मोजमापाचं काम (टॅग मॅनेजर, सर्व्हर-साइड टॅगिंग, सीआरएम जोडणं) तुमच्याकडेच ठेवलंत तर दोन्ही दारं उघडी राहतात. नुसतं 'चार जण सांभाळले' यापेक्षा 'चौघांचं काम असं बसवलं, लीडची साइट व्हिजिटपर्यंतची नोंद अशी जोडली' हे मुलाखतीत वजनदार ठरतं. भूमिका स्वीकारण्याआधी मात्र विचारून घ्या की तुमचं अप्रेझल कशावर होणार: बिलिंगवर, टिकलेल्या क्लायंटवर, की टीमवर. बिलिंगवर असेल तर बजेट वाढवा म्हणून तुमच्यावर दबाव येणार, आणि वर कावेरी यांनी सांगितलेलं सगळं मागे पडणार. हे ईमेलवर लेखी घ्या.

कावेरी_के

टिंब, जीएसटीचा मुद्दा मस्त. आणखी एक, कडुनिंब: टीमच्या ट्रेनिंगला जुन्या नोट्स वापरणार असाल तर आधी चाळून घ्या. ब्रॉड मॅच मॉडिफायर (शब्दापुढे + लावून कीवर्ड देण्याची पद्धत) २०२१मध्ये गेला, एक्स्पांडेड टेक्स्ट अ‍ॅड ३० जून २०२२नंतर नव्या बनवता येत नाहीत, तरी अधिकचं चिन्ह लावून कीवर्ड शिकवणाऱ्या पीडीएफ अजून फिरतायत. आणि कुणी नोकरी सोडून गेलं की फक्त अ‍ॅड्सचा अ‍ॅक्सेस काढून थांबू नका. टॅग मॅनेजर, अ‍ॅनालिटिक्स, मर्चंट सेंटर, मेटाचा बिझनेस मॅनेजर आणि स्क्रिप्टला कुणाच्या लॉगिनने परवानगी दिली होती ते, अशी यादी शीटमध्ये आत्ताच करून ठेवा. गेलेल्या माणसाच्या परवानगीवर चालणारी खर्चाची स्क्रिप्ट गुपचूप बंद पडू शकते, आणि ती बंद पडली हे सांगणारा ईमेलही त्याच्याच इनबॉक्समध्ये जातो.