बांधाचा वाद आणि बाराव्या अध्यायातला वृक्ष

प्रश्न
गेली अकरा वर्षे मी ज्ञानेश्वरीचे पारायण करते आहे. यंदा माझ्या दोन मामेभावांमध्ये शेताच्या बांधावरून वाद झाला आणि दोघांनीही मलाच मध्यस्थ केले. थोरल्याने माझ्या लग्नात कानपिळीला भावाची जागा भरून काढली होती, त्यामुळे त्याचे म्हणणे मला ऐकण्याआधीच पटू लागते. मन असे एका बाजूला कलत असताना विवेक जागा राहावा, यासाठी ग्रंथ कसा वाचावा?

उत्तर १
ताई, नऊ हजारांहून अधिक ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. या वेगात पुण्य पदरी पडत असेल, पण ओवी आपल्याला अडवत नाही. सध्या पारायण बाजूला ठेवून बाराव्या अध्यायातली एकच ओवी घ्यावी: ‘जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली । दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा ॥’ ही ओवी आपण सहसा भक्ताचे वर्णन म्हणून ऐकतो आणि मान डोलावतो. तिच्यात घाव घालणारा म्हणून धाकट्याला उभे करून पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी थोरल्याला. दुसऱ्या दिवशी वाचताना जीभ अडखळली, तर कल कुठे आहे ते कळेल.

उत्तर २
वरील मताशी मी निम्माच सहमत आहे. वृक्ष सावली देतो, जमीन कोणाची ते ठरवत नाही. बांध कुठे होता हे सरकारी मोजणी आणि नकाशा सांगतील. ओवीतून हद्द काढू नये. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा तिच्यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवतो, असे त्यांनी बजावले. आपला आधीच ठरलेला निकाल ग्रंथाच्या तोंडी घालणे हीही मला नरोटीच वाटते, आणि ती ठेवणारे बहुधा नित्यनेमाचे वाचकच असतात (मीही त्यातलाच). वाचनाने एवढेच व्हावे की मोजणीचा कागद आपल्या माणसाविरुद्ध गेला, तरी तो आपण दोघांसमोर त्याच आवाजात वाचून दाखवू.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आठ दिवस तीच ओवी वाचली. मोजणीचा अर्ज दोघांच्या सह्यांनी दिला आहे. काल दोघांच्या म्हणण्याची टिपणे काढलेली वही उघडली, तर थोरल्याचे म्हणणे अडीच पाने होते आणि धाकट्याचे सात ओळी. त्यातही एका ओळीपुढे मी स्वतःच प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. रविवारी त्याच्याकडे पुन्हा जाणार आहे, या वेळी कोरी वही घेऊन.