मदत हवी आहे: सोयाबीनच्या खत-प्रयोगाला टी-टेस्ट की अ‍ॅनोव्हा?

काळी_माती: इंदूरजवळ, सांवेरच्या बाजूला, सोयाबीनवर स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) चार मात्रांचा प्रयोग आहे: हेक्टरी 0, 30, 60, 90 किलो. जमिनीला उतार आहे म्हणून पाच ब्लॉक (साधारण सारख्या जमिनीचे पट्टे), प्रत्येकात चारही मात्रा चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक प्लॉटमधल्या 10 झाडांच्या शेंगा मोजल्यात, म्हणजे 200 आकडे. जोड्याजोड्यांनी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) लावली तर चालेल ना?

नर्मदेकाठी: 200 नाही, 20च. खत प्लॉटला दिलंय, झाडाला नाही. एका प्लॉटमधली झाडं स्वतंत्र धरली तर एरर (योगायोगाने पडणारा फरक) खोटी लहान होते आणि नसलेला फरकही ‘सिग्निफिकंट’ निघतो. आधी प्रत्येक प्लॉटची सरासरी काढा.

टी-टेस्ट नको. चार मात्रांच्या जोड्या होतात सहा. त्या स्वतंत्र असत्या तर 5 टक्के पातळीवर निदान एक खोटा फरक सापडण्याची शक्यता 26 टक्क्यांवर जाते. इथे जोड्या एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून थोडी कमी, पण 5 नक्कीच नाही. अ‍ॅनोव्हा (सगळ्या सरासऱ्यांची एकत्र तुलना) करा, ब्लॉकसकट. डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे स्वतंत्र तुलना किती) असे यायला हवेत: ब्लॉक 4, मात्रा 3, एरर 12, एकूण 19. ‘आर’मध्ये (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) ब्लॉकसमोर 1 दिसला तर त्याने ब्लॉक क्रमांकांना मोजमाप समजून सरळ रेष बसवलीय. ब्लॉकला फॅक्टर (आकडा नव्हे, गटाचं नाव) करून परत चालवा.

काळी_माती: आणि आधी शापिरो (आकडे नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेत का, ही चाचणी)? नंतर टुकी (प्रत्येक जोडीची तुलना)?

तिफण: कच्च्या आकड्यांवर शापिरो लावू नका. मात्रांमुळे सरासऱ्या वेगळ्या असतील तर ते नॉर्मल दिसतीलच कशाला? रेसिड्युअल (ब्लॉक आणि मात्रेचा परिणाम काढून उरलेले फरक) बघा, तेही आलेखावर. 20 आकड्यांत शापिरोला फारसं काही सापडत नाही. सरासरी वाढेल तसा पसारा वाढत असेल तर लॉग घ्या. आकड्यांऐवजी क्रम वापरणाऱ्या चाचण्यांपैकी क्रुस्कल-वॉलिस ब्लॉक विसरते, अगदीच वेळ आली तर फ्रीडमन.

टुकी वाणांच्या तुलनेला, डनेट फक्त शून्य मात्रेशी तुलनेला. तुमच्या मात्रा सारख्या अंतराने चढत जातात, तेव्हा प्रश्न ‘उत्पादन कसं वाढतं आणि कुठे थांबतं’ हा आहे. सरासऱ्यांवर अ-ब-क अक्षरं (फरक नसलेल्यांना एकच अक्षर) चिकटवून ते कळणार नाही (प्रबंधांत सर्रास दिसतात, तरीही). मात्रेचे 3 डीएफ फोडा, चार सरासऱ्यांना ही वजनं देऊन: रेषीय −3, −1, 1, 3, वर्गीय 1, −1, −1, 1, उरलेला घनीय. वर्गीय ठळक निघाला, सहगुणक ऋण असला, तर वक्र बसवा.

नर्मदेकाठी: एखादा प्लॉट पाण्यात गेला असेल तर तिथे 0 लिहू नका, खाना रिकामा ठेवा. एक्सेलचं तयार अ‍ॅनोव्हा टूल मग अडतं. ‘आर’ चालेल, पण सूत्रात ब्लॉक आधी, मात्रा नंतर. एररचे डीएफ 11 होतील.